जर्मनच्या ओसरीवर डच

विद्यापीठात एखादी भाषा कोणत्या दालनात बसविली आहे, यावरून तिच्याविषयी शिकविणाऱ्यांचे मत काय आहे ते पुष्कळसे कळून येते. इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत डच भाषा जेथे जेथे शिकविली गेली, तेथे ती बहुधा जर्मनच्या ओसरीवर बसलेली आढळते. वाडा जर्मनचा, किल्ल्या जर्मनच्या प्राध्यापकांच्या कमरेला. डचला आल्यागेल्यासाठी मांडलेली एक सतरंजी. विद्यार्थी प्रथम जर्मन शिकतो आणि पुढे आवड असली, अथवा वेळापत्रकात जागा उरली, म्हणजे जोडीला डच घेतो. जर्मन आली की डच यावयास कितीसा वेळ, अशी त्यामागील समजूत असते. या रीतीत सोय आहे, काटकसर आहे, आणि एक अन्यायही आहे. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा तो या रीतीचा, आणि भाषेच्या बरोबरीने ‘संस्कृती’ या नावाखाली विद्यार्थ्यांच्या पदरात जे काही घातले जाते त्याचा. ज्या पत्रिकेत मराठी व कोंकणी शेजारी शेजारी नांदतात, तिच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

दोन भाषांचे नाते सख्ख्या बहिणींचे आहे, याविषयी वाद नाही. संस्कृतातील ‘दन्त’ हा शब्द घ्यावा. त्याचा डच भाऊबंद ‘टांड’ आणि जर्मन भाऊबंद ‘त्सान’. आरंभीच्या ‘द’चा ‘ट’ झाला, तेथे डच थांबली. जर्मन आणखी एक पायरी उतरून ‘त्स’वर गेली. ‘दश’चे तसेच: डचमध्ये ‘टीन’, जर्मनमध्ये ‘त्सेन’. पाण्याला डच ‘वाटर’ म्हणतो, जर्मन ‘वासर’. करणे या अर्थी एक ‘माकन’ म्हणतो, दुसरा ‘माखन’. आपल्या पिप्पलीची कथा तर याहून रंजक आहे. ती व्यापाऱ्यांच्या गोणीतून ग्रीकांकडे गेली आणि ‘पेपेरी’ झाली, लॅटिनमध्ये ‘पिपेर’ झाली. डचने तिला ‘पेपर’ म्हणून जवळजवळ तशीच ठेवली, आणि जर्मनने तिच्यावर आपला नियम चालवून ‘फेफर’ केले. याकोप ग्रिमने 1822 मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत या वर्णपरिवर्तनांची व्यवस्था लावली. ग्रिमचे शिक्षण कायद्याचे. मारबुर्गला तो साविन्यीचा शिष्य होता. कायदा हा लोकजीवनातून भाषेसारखाच उगवतो, राजाज्ञेने तो उपजत नाही, हे गुरूचे मत. शिष्याने ते उलटवून भाषेतच कायदा शोधला, असे म्हणावयास हरकत नाही. 1846 मध्ये फ्रांकफुर्टला ‘गेर्मानिस्ट’ म्हणविणाऱ्यांची पहिली परिषद भरली, तेव्हा तीत भाषापंडितांच्या जोडीला कायदेपंडित आणि इतिहासकारही बसले होते. आज या शब्दाचा अर्थ आकसून केवळ जर्मनचा अध्यापक असा झाला आहे, याचे आमच्या व्यवसायातील माणसांस वाईट वाटावे हे साहजिक आहे.

तथापि नाते जवळचे असले म्हणजे एकीच्या घरातून दुसरी दिसतेच असे नाही. उलट जवळिकीमुळेच फसगत होते. जर्मनमध्ये ‘मेअर’ म्हणजे समुद्र. डचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ तळे. डचमध्ये ‘झे’ म्हणजे समुद्र, आणि तोच शब्द जर्मनमध्ये पुल्लिंगी वापरला की तळे! समुद्र आणि तळे यांची अशी अदलाबदल करून बसलेल्या दोन बहिणी आणखी कोठे असतील असे वाटत नाही. डच माणूस ‘बेलन’ करतो तेव्हा तो टेलिफोन करीत असतो. जर्मनमध्ये ते काम कुत्र्याचे. डच ‘स्लिम’ म्हणजे हुशार, जर्मन ‘श्लिम’ म्हणजे वाईट. डच ‘विंकेल’मध्ये सामान विकत मिळते, जर्मन ‘विंकेल’ हा भूमितीतील कोन. ‘डुर्व्हन’ म्हणजे डचमध्ये धजणे. जर्मन ‘द्युर्फन’ म्हणजे परवानगी असणे. या शेवटच्या जोडीकडे वकिलाचे लक्ष विशेष जाते, कारण धजणे आणि मुभा असणे यांतील अंतरावरच आमची निम्मी कचेरी चालते.

आपल्याकडील अनुभव याहून निराळा नाही. कोंकणीतील ‘हांव’ म्हणजे मी, मराठीतील ‘हाव’ म्हणजे लोभ. कोंकणीतील ‘नुस्तें’ पानात असले की जेवण सजते, मराठीतील ‘नुसते’ पान म्हणजे ज्यावर काहीच वाढलेले नाही ते. ‘उदक’ हा शब्द कोंकणीत रोज तहान भागवितो. मराठीत तो दानाच्या वेळी सोडावयाचा. मराठी येते म्हणून कोंकणी येतेच, आणि म्हणून ती वेगळी शिकण्याचे कारण नाही, असे समजणाऱ्यांची संख्या आपल्यात थोडी नाही. तशीच कोंकणी बोलतो एवढ्यावरून मराठी वाङ्मयाचा सारा वारसा झटकून टाकता येतो असे मानणारेही आहेत. दोघांचीही चूक एकच: नात्याला त्यांनी ज्ञान समजावे.

डचच्या बाबतीत या ओसरीचा एक इतिहास आहे, आणि तो सरळ नाही. मध्ययुगीन डच वाङ्मयाच्या पोथ्या शोधून ‘होरे बेल्गिके’ या ग्रंथमालेत 1830 पासून प्रसिद्ध करणारा पंडित जर्मन होता: होफमान फॉन फालर्सलेबन. त्याचेच गीत पुढे जर्मनीचे राष्ट्रगीत झाले. नेदरलंडच्या लोकांना आपले जुने वाङ्मय पुरते उमगण्याच्या आधी एका जर्मनाने ते जपले, हे ऋण मोठे आहे. परंतु थोरलीचे प्रेम नेहमीच निर्मळ असते असे नाही. बेल्जममधील फ्लेमिश लोक डच बोलत, पण त्यांच्या गेंट शहरातील विद्यापीठ चालत असे फ्रेंचमध्ये. ते डचमध्ये व्हावे ही मागणी जुनी होती. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात देश जर्मन सैन्याच्या टाचेखाली असताना, जर्मन गव्हर्नर जनरल फॉन बिसिंगने ती मागणी पूर्ण केली! हेतू उघड होता: फ्लेमिशांना फ्रेंच भाषिकांपासून फोडावयाचे. परिणाम असा झाला की युद्ध संपताच ते डच विद्यापीठ बंद पडले, तेथे शिकविणाऱ्यांवर देशद्रोहाचा शिक्का बसला, आणि मूळची न्याय्य मागणी चौदा वर्षे मागे पडली. गेंट खऱ्या अर्थाने डच विद्यापीठ झाले ते 1930 मध्ये, आणि ते बेल्जमच्या स्वतःच्या कायद्याने. सीमाभागातील ज्या वाचकांनी भाषेच्या प्रश्नावर परक्यांची सहानुभूती कशी अंगलट येते ते पाहिले आहे, त्यांना यावर भाष्य नको.

याच सुमारास डचला लंडनमध्ये एक आपला माणूस मिळाला. पीटर खेइल हा तेथे एका डच वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून आला होता. 1919 मध्ये लंडन विद्यापीठाने त्याला डच विषयाचे अध्यासन दिले. त्याने व्याकरणाच्या मागे न लागता इतिहासाला हात घातला. नेदरलंड आणि फ्लँडर्स यांची फाळणी धर्मभेदाने अथवा स्वभावभेदाने झाली नाही, नद्यांनी स्पॅनिश सैन्याला जेथे अडविले तेथे ती झाली, हा त्याचा सिद्धांत आजही वादाचा विषय आहे. तो सिद्धांत कोणास पटो न पटो. त्याच्या शिकविण्यात एक प्रश्न होता. डच म्हणजे कोण, हा तो प्रश्न. पुढे याच प्राध्यापकाला दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बुखेनवाल्डच्या छावणीत डांबले.

आता अशा प्रश्नाची जागा आजच्या अभ्यासक्रमांतून कशाने घेतली आहे ते पाहावे. परभाषेच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट असते. जर्मनच्या चौकटीत नाताळचा बाजार, पावांचे प्रकार, आगगाडीचे तिकीट काढण्याची तऱ्हा. डचच्या चौकटीत पवनचक्की, ट्यूलिप, सायकल आणि चीज. याला संस्कृती म्हणतात. एखाद्याने मराठी संस्कृती शिकवावयाची म्हणून फेटा, पुरणपोळी आणि लेझीम यांची तीन चित्रे दाखवावी, आणि ज्ञानेश्वरीचे नावही काढू नये, त्यातला हा प्रकार. पोटापाण्यासाठी भाषा शिकण्यात काही कमीपणा आहे असे मी मानीत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. मराठी मुले-मुली त्या वाटेने जात असतील तर त्यांनी अवश्य जावे, आणि तिकीट काढण्याची तऱ्हाही शिकावी. पण विद्यापीठाचे काम तेवढ्यावर संपले, तर विद्यापीठ आणि शिकवणीवर्ग यांत भेद कोणता राहिला?

जर्मन आणि डच या दोन भाषा, आणि त्यांच्या मागची दोन मने, एकत्र शिकवावयाचीच असतील तर त्यासाठी एक पुस्तक डोळ्यांपुढे येते. ते म्हणजे ‘माक्स हाव्हेलार’. 1860 मध्ये ते प्रसिद्ध झाले. लेखकाचे खरे नाव एदुआर्द दाउवेस देकर. ‘मुल्टाटुली’, म्हणजे पुष्कळ सोसलेला, हे त्याने घेतलेले लॅटिन नाव. जावा बेटातील लेबाक जिल्ह्यात तो 1856 मध्ये डच सरकारचा असिस्टंट रेसिडेंट होता. तेथील देशी अधिपती रयतेकडून फुकट राबणूक घेतो आणि तिच्या म्हशी ओढून नेतो, अशी तक्रार त्याने केली. वरिष्ठांनी ती उचलून धरली नाही. काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. तीन वर्षांनी ब्रुसेल्सच्या एका खानावळीत बसून त्याने ही कादंबरी लिहिली. डच वाङ्मयात तिच्याहून मोठे गद्य पुस्तक नाही, असे मत अनेकांनी दिले आहे, आणि ते वाजवी आहे.

पुस्तक उघडताच भेटतो तो नायक नव्हे. भेटतो बटावुस ड्रोखस्टोपेल, अॅम्स्टरडॅमच्या लाउरीरग्राख्त क्रमांक 37 येथील कॉफीचा दलाल. आडनावाचा अर्थच वाळलेले धसकट. कविता-कादंबऱ्या हा सारा खोटेपणा, आपण सत्य आणि व्यवहार जाणतो, असे तो पानोपानी बजावतो. त्याच्या हाती एका फाटक्या शालवाल्याच्या कागदांचे गाठोडे येते, आणि कॉफीच्या धंद्याला उपयोगी काही त्यात असेल म्हणून त्याचे पुस्तक करावयाचे तो ठरवितो. लिहावयाचे कोणी? हे काम तो सोपवितो आपल्या पेढीत उमेदवारी करणाऱ्या एका तरुणाकडे. आणि हा तरुण, एर्नेस्ट स्टेर्न, जर्मन आहे! हांबुर्गच्या कॉफी व्यापाऱ्याचा मुलगा. बापाची गिऱ्हाइकी हातची जाऊ नये म्हणून दलालाने त्याला घरी ठेवून घेतले आहे. म्हणजे डच वाङ्मयातील या सर्वश्रेष्ठ कथेचा मोठा भाग, कादंबरीच्या बनावाप्रमाणे, नुकत्याच डच शिकलेल्या एका जर्मन मुलाने लिहिला आहे. दलालाने अट घातली आहे ती एवढीच की पुस्तकाला वजन यावे म्हणून मधून मधून एखादे प्रकरण आपणही लिहू.

जर्मनच्या ओसरीवर डच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले पुस्तक कोणते द्यावे? पण बहुतेक ठिकाणी त्यातले वेचे दिले जातात ते सैजा आणि अदिंदा यांच्या करुणकथेचे. म्हैस नेली, दुसरी नेली, मुलगा परगावी गेला, परतला तो उद्ध्वस्त घरी. कथा हृदयद्रावक आहे यात शंका नाही. परंतु ती एकटी तोडून दिली की विद्यार्थ्याला रडू येते आणि पुस्तक कळत नाही. पुस्तकाचे मर्म त्याच्या विसंगत आवाजांत आहे: दलालाचा कोरडा आवाज, स्टेर्नचा भावनेने भिजलेला, हाव्हेलारचा तापट, आणि मध्येच येणारी सरकारी पत्रांची थंड भाषा. हे आवाज वेगळे ऐकू येणे, म्हणजेच भाषा येणे. कीर्तनात पूर्वरंगातला एक अभंग कानी पडला म्हणून आख्यान समजले असे कोणी म्हणत नाही.

या आवाजांच्या संघर्षातील एक प्रसंग आपल्या वाचकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. स्टेर्न हा हाइनेच्या कवितेचा भक्त. हाइनेचे एक प्रसिद्ध प्रेमगीत आहे, ज्यात कवी प्रेयसीला गाण्याच्या पंखांवरून गंगेच्या तीरी, कमळांच्या वनात, घेऊन जाऊ म्हणतो. मेंडेल्सोनने त्याला चाल लावली आहे. ते गीत दलालाच्या मुलीपर्यंत पोचते आणि दलालाच्या अंगाचा भडका उडतो. गंगा कशाला? तेथे या मुलीचे काय काम? तो एकेका शब्दाला धरून, जणू उलटतपासणीच घेतो. वाचक हसतो. हसून झाले की मात्र थांबावे. हाइने तरुणपणी बॉन येथे कायद्याचा विद्यार्थी असताना आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलच्या व्याख्यानांना बसत असे. हा तोच श्लेगेल, ज्याने 1823 मध्ये बॉनला भगवद्गीतेची मूळ संस्कृत संहिता लॅटिन भाषांतरासह छापली. म्हणजे हाइनेच्या गीतातील गंगा बॉनच्या व्याख्यानगृहातून वाहत आलेली आहे. जर्मनांच्या हाती तेव्हा पूर्वेकडे वीतभर जमीन नव्हती. म्हणून त्यांची ‘इंडिया’ ही स्वप्नातली, कमळांची. डचांची ‘इंडिया’ म्हणजे जावा: तेथे 1830 पासून रयतेने शेताचा पाचवा हिस्सा सरकारच्या पिकाखाली घालावा असा नियम होता, आणि व्यवहारात तो भाग पुष्कळदा त्याहून जड पडे. एकाच दलालाच्या बैठकीत, एकीकडे गंगेचे गाणे आणि दुसरीकडे कॉफीच्या लिलावाचा हिशोब! दलालाला गाणे खोटे वाटते; पण ज्या हिशोबाला तो खरे समजतो त्यात म्हशींची नोंद नाही. जर्मन आणि डच संस्कृतींतील भेद शिकविणारे याहून नेमके पान माझ्या पाहण्यात नाही, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत कधीही मावणार नाही.

आपणही यातून काही घेण्यासारखे आहे. गटेने शाकुंतल डोक्यावर घेऊन नृत्य केले, ही कथा आपल्या शाळांतून आणि व्याख्यानांतून इतकी फिरली आहे की ती खोटी म्हणणे कृतघ्नपणाचे वाटते. परंतु तिला आधार नाही. फोर्स्टरने जोन्सच्या इंग्रजीवरून केलेला जर्मन अनुवाद 1791 मध्ये निघाला, तो वाचून गटेने चार ओळींचे स्तुतिपर मुक्तक लिहिले, एवढे खरे, आणि तेवढे पुरेसे आहे. याच गटेला आपल्या देवतांच्या बहुभुज, बहुमुख मूर्ती मुळीच आवडत नसत, आणि तो ते लपवीत नसे. देवळाच्या गर्भागारासमोर रोज हात जोडणाऱ्या माणसाने हे दोन्ही जाणून गटे वाचावा. माक्स म्युलर भारतात एकदाही आला नाही, आणि भारतातील जर्मन संस्कृतिकेंद्रे त्याच्याच नावाने ओळखली जातात. त्याने ऋग्वेद सायणभाष्यासह सिद्ध केला याबद्दलचा आदर कमी न करताही, आपण प्रशस्तिपत्रांचे भुकेले आहोत हे मान्य करावयास हवे.

पुस्तकाकडे परत यावे. वकिलाच्या दृष्टीने ‘माक्स हाव्हेलार’ हा एका फिर्यादीचा निवाडा न झालेला खटला आहे. हाव्हेलार अधिपतीवर आरोप ठेवतो. वरिष्ठ पुरावा मागतो. हाव्हेलार म्हणतो, आधी अधिपतीला येथून हलवा, नाहीतर साक्षीदार तोंड उघडणार नाहीत. आरोपीला बचावाची संधी न देता त्याला पदावरून दूर करा, ही मागणी प्रथमदर्शनी न्यायाला सोडून वाटते. पण ज्याने खेड्यातील खटले चालविले आहेत त्याला तिचे मर्म कळेल. गावच्या वतनदाराविरुद्ध त्याच्याच ओटीवर कोण साक्ष देणार? डच लेखक रॉब न्यूवेनहाइस याने 1987 मध्ये ‘लेबाकची दंतकथा’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहून दुसरी बाजू मांडली: अधिपतीला मिळणारी सेवा जावाच्या रूढ आचारात, तेथील ‘आदत’ मध्ये, पुष्कळशी मान्य होती, देकरला तो आचार कळला नाही, त्याने युरोपचा कायदा तेथे लावला. आक्षेप वजनदार आहे. तथापि रूढी आहे एवढ्याने जुलूम सिद्ध होत नाही असे नव्हे. रूढी कोणाच्या तोंडून सांगितली जाते, हेही पाहावे लागते. शिवाय देकर हा डच सत्तेचा शत्रू नव्हता. ती न्यायाने चालावी एवढेच त्याचे मागणे होते. पुढे इंडोनेशियाचा कादंबरीकार प्रमुद्या अनंत तूर याने 1999 मध्ये या पुस्तकाने वसाहतवाद मारला असे लिहिले, तेव्हा त्यात अतिशयोक्ती होती. परंतु ती म्हशी गमावलेल्यांच्या वंशजाने केलेली होती. खटल्याच्या या तिन्ही बाजू वर्गात मांडल्या, तर विद्यार्थ्यांना डच येईल की नाही ते सांगवत नाही. पण डच कशासाठी शिकावी हे कळेल.

शेवटी तर लेखक स्वतः कादंबरीत घुसतो. स्टेर्नला तो निरोप देतो, मी तुला हांबुर्गहून आणले, थोडक्या काळात बऱ्यापैकी डच लिहावयास शिकविले, अशा अर्थाचे सांगून त्याला मोकळे करतो. दलालाला तर कॉफीतच गुदमरावयास सोडतो. आणि थेट राजाला जाब विचारतो. परदेशी विद्यार्थ्याला भाषा शिकविणाऱ्या गुरूने त्याला कोणत्या कामासाठी ती शिकविली, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या कादंबरीत सांगितले असेल असे वाटत नाही.

डच ही आता केवळ नेदरलंड-फ्लँडर्सची राहिलेली नाही, हे ओसरीवरून दिसत नाही. 1848 मध्ये डचांनी आपल्या पूर्वेकडील राज्यासाठी केलेली दिवाणी संहिता इंडोनेशियात आजही पुष्कळ अंशी लागू आहे, आणि तिचा मूळ पाठ डच आहे. जकार्तातील कायद्याच्या अभ्यासकाला म्हणून डच वाचावी लागते. गोव्यातील वकिलाला यात नवल वाटणार नाही: आपल्याकडे 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता विवाह आणि वारसा ठरविते, आणि आपल्या देवळांच्या महाजनांचे हक्क 1933 च्या पोर्तुगीज माझानिया नियमावलीतून वाचावे लागतात. देवाच्या पालखीला खांदा कोणी द्यावा याचा तंटा कोर्टात गेला, की युक्तिवाद पोर्तुगीज शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपतो! ‘माक्स हाव्हेलार’चे इंडोनेशियन भाषांतर यासीन यांनी 1972 मध्ये केले. तेथील विद्यार्थी आता हे पुस्तक दोन्ही अंगांनी वाचू शकतो, ही गोष्ट लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याच्या नशिबी नाही.

आणि आपला विद्यार्थी? त्याच्यासाठी डचचे दार याहून जुने आहे. पुलिकत येथील डच वखारीचा धर्मोपदेशक अब्राहम रोखेरियस याने पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून पोर्तुगीजच्या मध्यस्थीने हिंदू धर्माची माहिती मिळविली. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1651 मध्ये लाइडनला छापले गेले, आणि त्यात भर्तृहरीच्या नीति आणि वैराग्य या शतकांचा डच गद्यानुवाद आहे. वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तोही याच शतकात. डच पुस्तकाचे 1663 मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन भाषांतर झाले, आणि ते पुढे हेर्डरच्या हाती गेले. शाकुंतलाच्या सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी संस्कृत काव्य युरोपात गेले ते जर्मनच्या दिंडीदरवाजाने नव्हे, डचच्या दाराने. त्या वेळी जर्मनच त्या दाराशी रांगेत उभी होती. हा क्रम जर्मन विभागांतील किती विद्यार्थ्यांना सांगितला जातो?

याहून जवळचा दाखला ‘होर्टुस मलाबारिकुस’चा. कोची 1663 मध्ये पोर्तुगीजांकडून डचांकडे आली. तेथील डच सत्ताधारी फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. पहिला खंड 1678 मध्ये अॅम्स्टरडॅमला निघाला. त्यातील ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन या वैद्याचे, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीतील कोंकणी ब्राह्मणांचे. त्यांच्या पूर्वजांनी गोवा का सोडला, हे या वाचकांस सांगावयास नको. या तिघांनी आपल्या कामाचे प्रमाणपत्र 1675 मध्ये कोंकणीत, नागरी लिपीत, लिहून दिले. निघंटूचा आधार घेतल्याचे ते त्यात नमूद करतात. पहिल्या खंडात ते जसेच्या तसे कोरून छापले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. ग्रंथात वनस्पतींना मलयाळम नावांच्या बरोबरीने ‘ब्राह्मणी’ म्हणून कोंकणी नावे दिली आहेत, आणि पोर्तुगीज व डच नावेही. प्राध्यापक मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचून या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले, ते 2003 मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. भाषा विभागांनी हे काम आपले मानले नाही, याची नोंद घ्यावी.

सध्या ओसरीच नव्हे तर वाडाही डळमळू लागला आहे. अॅम्स्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठाने 2019 मध्ये डच भाषा-साहित्याचा पदवी अभ्यासक्रम विद्यार्थ्यांअभावी बंद करण्याचे ठरविले. खुद्द डचांच्या राजधानीत डचला विद्यार्थी मिळेनात! 2024 मध्ये उत्रेख्त विद्यापीठाने जर्मन, फ्रेंच, इटालियन आदी भाषांचे पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कारणे पैशाची आणि विद्यार्थिसंख्येची दिली गेली, आणि ती खरीही असतील. पण तिकीट काढावयास आणि बाजार करावयास जेवढी भाषा लागते तेवढी हातातले यंत्र आता बोलून दाखविते. जी भाषा त्यापलीकडे काही मागत नाही अशी विद्यार्थ्याची समजूत शिकविणाऱ्यांनीच करून दिली, तिच्या वर्गात त्याने का बसावे? लाउरीरग्राख्तच्या दलालाने हा हिशोब कधीच केला असता, आणि या वेळी त्याला खोडून काढणे कठीण गेले असते.

संस्कृत शिकलेल्या मराठी मुलाला जर्मनचे लांबलचक सामासिक शब्द तत्पुरुषाप्रमाणे सोडविता येतात. तीन लिंगे त्याला घरचीच. आणि जर्मन-डचमध्ये क्रियापदापासून सुटून दूर जाऊन बसणारे उपसर्ग पाहून त्याने वेदातील उपसर्ग आठवावेत. त्याला पवनचक्कीच्या चित्रापासून आरंभ करविण्याचे काहीच कारण नाही. ‘होर्टुस’च्या पहिल्या खंडातील ते कोंकणी पान त्याच्यापुढे ठेवावे, आणि तेथून पोर्तुगीज, डच व लॅटिनपर्यंत एकेक शब्दाने चालत जावे. रंगभटांची नागरी अक्षरे सुबक आहेत. वाचावयास त्रास पडत नाही.